दोन पावडरी वजा

पप्पा, गेल्या महिन्यात मी एक कॅमेरा घेतला. पर्समध्ये मावेल एवढा लहान, पण खेळण्यातला नाही. दोन कॅमेऱ्यांतून एक निवडायचा होता, आणि त्याला मी जेवढा वेळ लावला तेवढा नोकरी निवडतानाही लावला नव्हता. तुम्ही असतात तर दोन्ही हातात घेऊन वजन तोललं असतं, शटर कानाशी धरून ऐकलं असतं आणि चहा यायच्या आत सांगून टाकलं असतं. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झालीत की घरात तुमचा विषय निघाला तरी बोलणं अडत नाही, पुढे सरकतं. तरी हे तुम्हालाच लिहितेय. ज्या कारणासाठी मला कॅमेरा घ्यावा लागला त्याची सुरुवात तुमच्या स्टुडिओत झाली, आणि मला त्या सगळ्याची किळस येते. हे तुमच्या तोंडावर सांगायचं राहिलं. मी अकरावीत होते तेव्हा तुम्ही दवाखान्यात होतात, आणि नळ्या लावलेल्या माणसाला असलं काही बोलायचं नसतं एवढं मला कळत होतं.

मी सध्या सुप्याला एमआयडीसीत आहे. तिथे गाड्यांचे प्लास्टिकचे भाग बनतात आणि माझं काम त्यांचा रंग तपासण्याचं. मंजूर झालेल्या एका तुकड्याला आम्ही मास्टर म्हणतो. नवीन माल आला की ठरलेल्या दिव्याखाली तो मास्टरच्या शेजारी धरायचा, आधी डोळ्यांनी बघायचा, मग यंत्राने फरक मोजायचा. फरक मर्यादेच्या बाहेर गेला की माल परत. दिवसभर मी राखाडी आणि काळा बघते. काळ्यात किती प्रकार असतात हे तुम्हाला सांगायला नको. धाकटी श्रीगोंद्यातच आहे, आईजवळ. ती फार्मसी शिकली आणि स्टँडजवळच्या मेडिकलमध्ये काउंटरला असते. गोरं होण्याची क्रीमं रोज विकते आणि संध्याकाळी घरी येऊन आज कोणी कोणतं नेलं ते आईला हसत हसत सांगते. तुम्ही गेलात तेव्हा ती चौथीत होती. तुमचा आवाज तिला आठवत नाही, हे तिने मला एकदाच सांगितलं, पुन्हा नाही.

यंदा उन्हाळ्यात तिला बघायला लोक आले. मुलगा, त्याचे आईवडील, एक आत्या आणि एक मामा. फोटो आईने आधीच पाठवला होता, पेठेतल्या नव्या स्टुडिओत काढलेला. मी तो पाहिला नव्हता. बैठकीच्या खोलीत पाहुणे तुमच्या फोटोखालच्या सोफ्यावर बसले. तुमचा हार नवा होता, आईने सकाळीच बदललेला. धाकटी चहाचा ट्रे घेऊन आली, खाली वाकली, आणि आत्याबाईंनी पर्समधून मोबाईल काढला. त्यावर तिचा फोटो उघडला आणि मोबाईल तिच्या गालाशेजारी धरला. जरा तिरका, काचेवर खिडकीचा उजेड पडू नये म्हणून. पद्धत बरोबर होती, पप्पा. मी कंपनीत असंच धरते. मी दारात उभी होते आणि पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं ते हेच, की बाईंचा कोन बरोबर आहे. ती माझी बहीण आहे, हे त्यानंतर.

"फोटोत उजळ वाटती," आत्याबाई म्हणाल्या. तक्रार नव्हती, नोंद होती.

मामा सोफ्यावर मागे रेलले. "आगं, फोटोवाल्याचं घर हाय हे. तुला ठावं न्हाई व्हय? आमच्याकडं म्हनच पडलीती. ह्यांच्या स्टुडिओतला फोटो आला की आधी दोन पावडरी वजा करायच्या, मग पोरगी बघायला जायचं."

सगळे हसले. मुलगा मोबाईलमध्ये बघत हसला. आई पदर तोंडाला लावून हसली. मामांचं डोकं तुमच्या फोटोच्या चौकटीच्या बरोबर खाली होतं आणि तुम्हीही नेहमीसारखे हसत होतात. धाकटीने शेवटचा कप त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "मामा, चहातनं काय वजा करू नका बरं का. साखर मापातच टाकलीय."

सगळ्यात मोठ्याने मामाच हसले. "पोरगी हुशार हाय," म्हणाले. त्यांचा निरोप काही आला नाही. हुशारीत काही वजा करावं लागलं नसावं, बाकीच्यात लागलं.

त्या रात्री कपबशा विसळताना आईला मी विचारलं, ही म्हण खरी आहे का. ती म्हणाली, "आता जुनं झालं ते. कशाला उकरून काढायचं?" म्हणजे खरी. म्हणजे तुम्ही तालुक्यातल्या पोरी इतक्या वर्षं इतक्या उजळ केल्यात की लोकांनी त्याची वजाबाकी बसवली. तुमच्या स्टुडिओत जी पोरगी मुळातच उजळ होती, तिच्यातूनही दोन पावडरी गेल्या. जिच्या बापाला तुमचे पैसे परवडले नाहीत आणि जी दुसरीकडून साधा फोटो काढून आली, तिच्यातूनही गेल्या असतील, कारण म्हण एकदा पडली की ती स्टुडिओ विचारत नाही. आणि शेवटी ती तुमच्याच घरात, तुमच्याच फोटोखाली येऊन बसली आणि चहा पिऊन गेली.

मला तुमचा स्टुडिओ पूर्ण आठवतो. आत शिरलं की डाव्या हाताला आरसा. त्याला सुतळीने बांधलेला कंगवा. खाली फळीवर पावडरचा डबा, तो मात्र न बांधलेला. उन्हाळ्यात पत्रा तापलेला असतो आणि पोरगी आईबरोबर येते, एसटीतून उतरून, घामाने निथळत, नवी साडी पिशवीत घेऊन. पडद्यामागे साडी नेसून बाहेर येते. तुम्ही डबा तिच्या हातात देत नाही, तिच्या आईच्या हातात देता. आई चोळते. घामावर पावडर बसत नाही, तिच्या गुठळ्या होतात, मग तुम्ही खिशातला रुमाल काढून देता. "मानंला पन लावा, ताई. न्हाईतर मुखवटा दिसतो." मग दिव्यांच्या दोन्ही छत्र्या पुढे ओढता, उजेडाचं मीटर बघता, आणि मीटर सांगतं त्याच्यापेक्षा जास्त उजेड आत घेता. रोल नगरच्या लॅबला जाताना पाकिटावर निळ्या पेनाने तुमची एक खूण असायची. लॅबवाल्याला तिचा अर्थ माहीत होता, उजळ छापा. म्हणजे एका चेहऱ्यावर तीनदा काम व्हायचं, डब्यात, कॅमेऱ्यात आणि लॅबमध्ये. त्या पावडरीचा आणि घामाचा मिळून जो वास असतो तो अजूनही कुठे आला की मी जागा बदलते.

घरातही तेच. भिंतीवर माझा आणि धाकटीचा तुम्ही काढलेला फोटो आहे, ती पाळण्यातून नुकती उतरलेली आणि मी तिला मांडीवर घेतलेली. त्या फोटोत आम्ही दोघी गोऱ्या आहोत. लहानपणी मला वाटायचं की आम्ही आधी तशा होतो आणि नंतर उन्हात खेळून काळ्या झालो. तुम्ही स्वतः आमच्याएवढेच काळे होतात. हार घातलेल्या फोटोत काळे नाही आहात. तो उजळ कोणी केला, विचारायचं राहून गेलं.

पण मला खरा राग आहे तो म्हशीच्या दिवसाचा.

मी सातवीत होते. काष्टीच्या बाजूला एका वस्तीवर एकाच्या म्हशीचा प्रदर्शनात नंबर आला होता आणि त्याला तिचा मोठा फोटो घरात लावायचा होता. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर तुम्ही मला एम-एटीवर मागे बसवून नेलंत. म्हैस धुऊन, तेल लावून, शिंगांना रंग देऊन उभी केली होती. मालक तुमच्या मागेच लागला. "फोटूवाले, रंग उतरता कामा न्हाई. मागल्या टायमाला एकानं काडला तर भुरकी दिसाया लागली. लोकं म्हनली, ही तुजी न्हाईच. काळीभोर हाय ती, मला काळीभोरच पायजे."

तुम्ही पिशवीतून एक राखाडी पुठ्ठा काढून माझ्या हातात दिलात आणि म्हशीच्या तोंडाशी धरायला लावलात. म्हणालात, "कॅमेरा येडा आसतो बग. त्याला समदं जग ह्या पुठ्ठ्यासारखं राखाडी वाटतं. म्हशीवर धरला की म्हनतो अंधार हाय, आन् तिला भुरकी करून ठिवतो. पांढऱ्या बैलावर धरला की म्हनतो ऊन लई झालं, आन् बैल मळका करतो. त्याचं ऐकायचं न्हाई. पुठ्ठ्याचं ऐकायचं. पुठ्ठा खोटं बोलत न्हाई." म्हशीने जीभ काढून पुठ्ठ्याचा कोपरा चाटला. तुम्ही हसलात. मी आयुष्यात शिकलेला भौतिकशास्त्राचा तो पहिला धडा आणि अजूनही मला वाटतं की कोणीच त्याहून चांगला शिकवला नाही. फोटो आला तेव्हा म्हशीच्या पाठीवरची चकाकी, पोटाखालचा काळा, कानामागचा जरा तपकिरी काळा, सगळं जिथल्या तिथे होतं.

त्याच दिवशी आपण परत आलो तर स्टुडिओच्या पायरीवर एक पोरगी आणि तिची आई बसलेली. स्थळासाठी फोटो. पुठ्ठा अजून माझ्याच हातात होता. तुम्ही डबा काढलात आणि मी विचारलं, "पप्पा, हिच्यासाठी पुठ्ठा नाही धरायचा?"

"काय म्हनती पोर?" त्या बाईने विचारलं.

"काय न्हाई," तुम्ही म्हणालात. "शाळंतलं काय तरी."

म्हैस काळी असली की तिची किंमत वाढते, म्हणून तिचा काळा रंग तुम्ही एवढा जपलात. पोरीचा नाही. मला तेव्हा हे शब्दांत सांगता आलं नसतं. नववीच्या सुट्टीत आलं, कारण तोपर्यंत स्टुडिओत कॉम्प्युटर आला होता आणि तो तुमच्यापेक्षा मला जास्त येत होता. तुम्ही एका पोरीचा फोटो गोरा करून ठेवला होतात. तुम्ही जेवायला गेलात आणि मी तो मूळच्या रंगावर आणून छापला. चांगला आला होता. गव्हाळ नाही, सावळीही नाही, काळीच होती ती, आणि तिच्या गालाच्या हाडावर खिडकीचा उजेड सरळ पडला होता. संध्याकाळी ती आईबरोबर फोटो न्यायला आली. आईने पाकीट उघडलं, बघितलं आणि हसून म्हणाली, "ही कोन? ही माजी पोर न्हाई." पोर शेजारीच उभी होती. तीही हसली. आईबरोबर, आईएवढंच.

तुम्ही त्यांना मशीन बिघडलं म्हणून सांगितलंत, नवा छापून दिलात आणि त्या गेल्यावर शटर अर्धं ओढलंत. तुम्ही मारलं नाहीत. आवाजही चढवला नाहीत. "खरं बगायला घरोघरी आरसा हाय," म्हणालात. "त्येच्यासाठी कोन स्टुडिओत येतं व्हय? लोकाच्या लेकीचं लगीन मोडलं तर तुजं खरं घिऊन मी काय करू?" त्यावर माझ्याकडे उत्तर होतं. म्हशीच्या मालकाच्या घरीही आरसा असेल, आणि डोळे तर होतेच. पण मी बोलले नाही. तेव्हापासून न बोलायची मला सवय लागली ती कायमची.

दहावीला मार्क पडले तेव्हा तुम्ही तोच पुठ्ठा फोटोपेपरच्या काळ्या पाकिटात घालून मला दिलात. म्हशीने चाटलेल्या कोपऱ्यावर डाग तसाच होता. "तुज्याकडं ऱ्हाऊ दे," म्हणालात. "मला आता लागत न्हाई." ते बक्षीस होतं की कबुली, मला ठरवता आलेलं नाही. तो माझ्याबरोबर हॉस्टेलला आला, सुप्याला आला. कंपनीतल्या यंत्रावर मी तो एकदा तपासला. इतक्या वर्षांत जरा पिवळट झालाय, पण अजून मर्यादेत आहे.

आता कॅमेऱ्याकडे येते. पारनेरकडचं एक स्थळ आलं आणि त्यांनी फोटो मागितला. आई पुन्हा पेठेतल्या स्टुडिओत जायला निघाली. मी म्हटलं, जो फोटो तिचा नाही तो पाठवायचा नाही. मला वाटलं होतं धाकटी माझ्या बाजूने उभी राहील. ती ओट्याशी मटकी निवडत बसली होती, मान वर न करता म्हणाली, "ताई, तू शिकलेली आहेस तर हे गणित सोडव. मी खरा फोटो पाठवला तरी ते सवयीने दोन पावडरी वजा करणार. मग मी उरले काय? तवा. म्हणून आधीच दोन घालून पाठवायच्या. वजा जाता मी राहते."

गणितात चूक नव्हती. चूक सापडली असती तर मला एवढी शिसारी आली नसती. खोटं बोलून ती जेवढी आहे तेवढीच दिसणार होती आणि खरं बोलली तर आहे त्याहून कमी. हे तुम्ही आणि तुमच्या गिऱ्हाइकांनी मिळून उभं केलेलं आहे.

"फोटो मी काढते," मी म्हटलं. "असा काढते की वजा करता येणार नाही."

"बघ बाई," ती म्हणाली. "रक्त काढणारी डीएमएलटीवाली सुई टोचताना असंच म्हणते, दुखणार नाही."

आधी मोबाईल वापरून बघितला. माझा, तिचा आणि कंपनीतल्या मैत्रिणीचा. चेहरा सुंदर करण्याच्या सगळ्या सोयी बंद केल्या, धाकटीच्या हातात पुठ्ठा दिला आणि एकाच सावलीत फोटो काढले. मग कॉम्प्युटरवर फोटोंतल्या रंगांचे आकडे काढले. पुठ्ठा प्रत्येक फोटोत जवळपास तसाच होता. चेहरा प्रत्येकात उजळलेला. म्हणजे आतला प्रोग्राम चेहरा ओळखतो, तेवढाच उचलतो आणि शेजारचा पुठ्ठा जिथे आहे तिथे सोडतो. मी बंद केलेलं बटण त्याच्यासाठी नव्हतंच. तुम्हाला निदान डबा उघडावा लागायचा, पप्पा. आता तो खिशात उघडाच असतो, आणि कोणाला विचारत नाही.

मोठा कॅमेरा मला नको होता. समोर मोठं भिंग आलं की धाकटी खांदे वर ओढते आणि दुसरीच कोणीतरी होते. म्हणून चांगल्या प्रतीचा, लहान, रोज जवळ बाळगता येईल असा. वाचून वाचून दोनच उरले. एकाला झूम आहे. चेहऱ्यासाठी ते बरं, कारण लांब उभं राहून काढता येतं. रुंद भिंगाने जवळून काढलं की नाक पुढे येतं आणि कान मागे जातात. तो हलकाही आहे, पडदा पुढे वळतो. पण उजेड टिपणारा सेन्सर लहान, आणि त्वचा मऊ करायची सोय मेन्यूत खोल कुठेतरी बसवलेली. ती चालू आहे की बंद, हे हातात धरणाऱ्याला कळत नाही, समोरच्याला तर नाहीच. दुसऱ्याला झूम नाही. एकच भिंग, पुढेमागे माणसाने व्हायचं. जड आहे. सेन्सर मोठा, त्यामुळे सावलीतल्या काळ्या कातडीतले बारीक फरक तो सपाट करत नाही. मन कधी याच्यावर, कधी त्याच्यावर. शेवटी दोन्ही हातात घेऊन बघायला नगरला गेले. एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर आहे, कंडक्टर अजून नगर नगर ओरडतो.

दुकानदाराने तुम्हाला ओळखलं, म्हणजे तुमच्या गावावरून आणि माझ्या आडनावावरून. तुम्ही त्याच्याकडून रोल न्यायचात. "काय हात होता तुमच्या वडिलांचा," म्हणाला. "कोळशाचं सोनं करायचे."  त्याने झूमवाला पुढे केला. "मॅडम, डोळे झाकून हा घ्या. बहिणीसाठी म्हणताय ना? ह्यात पोरगी आपोआप उजळते. थांबा, दाखवतोच." आणि काउंटरवरच्या मुलीला हाक मारली, "ए, इकडं ये गं. उभी राहा."

ती आली, ठरलेल्या जागेवर ठरल्यासारखी उभी राहिली. रंग माझ्यासारखाच, म्हणजे धाकटीसारखाच. त्याने एक फोटो साधा काढला आणि एक ती सोय पूर्ण वाढवून. दोन्ही पडद्यावर शेजारी ठेवले आणि मला दाखवले. तिलाही दिसत होते. "बघा फरक," तो म्हणाला. फरक मला दिसत होता. दुसऱ्या फोटोत तिच्या हनुवटीवरचा लहान व्रण गेला होता, कपाळ मेणाचं झालं होतं. तो गिऱ्हाइकाचा फोन घ्यायला आत गेला तेव्हा ती मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, मला रोज असंच गोरी करतात. संध्याकाळी घरी जाताना परत आहे तशीच."

"राग येत नाही?" मी विचारलं.

"यायचा. आता नुसता कंटाळा येतो." मग तिने दुसरा कॅमेरा माझ्याकडे सरकवला. "हा कोणी बघतच नाही जास्त. जड आहे म्हणतात."

मी तो उचलला. वर उजव्या बाजूला, अंगठा आपोआप येतो तिथे, उजेड कमीजास्त करायची एक चकती आहे. धातूची. मधे शून्य कोरलेलं, दोन्ही बाजूंना आकडे, आणि फिरवली की प्रत्येक खाचेला टक् असा बारीक आवाज. त्या क्षणी माझं ठरलं. हाही कॅमेरा खोटं बोलू शकतो, पण याच्यात खोटं बोलायचं असेल तर ते बाहेरून दिसतं. चकती शून्यावर नसली की समोर उभ्या असलेल्यालाही वाचता येतं. दुकानदार बाहेर आला आणि त्याला वाईट वाटलं. "तुमच्या वडिलांनी पहिलाच घेतला असता," म्हणाला. त्यांनी घेतला नसता तोच मला हवा होता.

रविवारी सकाळी घरामागे, भिंतीच्या सावलीत फोटो काढला. शेजारच्यांची निळी भिंत टाळली, तिचा रंग गालावर चढतो. धाकटीने आपल्या पसंतीची साडी नेसली, पावडर लावली नाही, मी सांगितलं नव्हतं तरी. पहिला फोटो पुठ्ठा हातात देऊन, उजेड आणि रंग जुळवण्यासाठी. मग पुठ्ठा बाजूला ठेवून बरेच. दोघी पायरीवर बसून बघत होतो. ती पहिल्यावरच थांबली. म्हणाली, "ही मी हाय." ती घरात असं, आईसारखं बोलत नाही. "हाच पाठवू."

"अगं, तो चाचणीचा आहे. हातात पुठ्ठा आहे."

"म्हणूनच. तुझ्या कंपनीत मास्टर शेजारी धरतेस ना? मग त्यांनाही धरू दे. आता करा म्हणावं वजा."

आई मागे येऊन उभी राहिली होती. "आगं, पोलीस ठेसनात पाटी धरून उभं करत्यात तशी दिसतीस."

"दिसू दे," धाकटी म्हणाली. "चोर मी न्हाई."

आणि तिने तो पाठवला. फोटोत पुठ्ठ्याचा खालचा कोपरा आलाय, त्यावर म्हशीच्या जिभेचा डाग आहे. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. पोरीच्या हातात काय आहे, शाळेची पाटी आहे का, कसला नवस आहे का. आईने सांगितलं, "न्हाई, न्हाई. तिच्या वडलांचं हाय ते." पुढे काय सांगावं हे तिला सुचेना आणि तिने फोन धाकटीच्या हातात दिला. धाकटीने तो घेऊन ओट्याशी उभं राहून त्या लोकांना म्हशीची सगळी गोष्ट सांगितली, जी तिने फक्त माझ्याकडून ऐकलेली आहे. पलीकडून कोणीतरी मोठ्याने हसल्याचं मला ऐकू आलं. हसणं कसलं होतं ते मला कळलं नाही. येत्या रविवारी ते येतायत. काय होईल ते होईल. आत्याबाई त्यांच्यातही असतीलच कोणी, पण शेजारी धरायला त्यांच्याकडे या वेळी खरा नमुना आहे.

हे पत्र मी घडी करून पुठ्ठ्याच्या त्या काळ्या पाकिटात ठेवणार आहे. उजेड जाणार नाही असं दुसरं काही माझ्याकडे नाही. तुम्हाला माफ केलंय असं समजू नका. ते गणित तुमचंच आहे आणि धाकटीने ते एका फोटोपुरतं मोडलंय, तालुक्यातलं नाही.

फोटोच्या रविवारचं एक लिहायचं टाळत होते. फोटो झाल्यावर धाकटी म्हणाली, "आता तू बस ताई. सगळं लावलेलंच आहे, मी फक्त बटण दाबते." माझ्या फोटोचा कोणाला काही उपयोग नाही. माझ्यासाठी स्थळं बघणं मी आईला केव्हाच बंद करायला लावलं आहे आणि आता तीही विचारत नाही. मी नको म्हटलं, ती ऐकेना, मी उठले. कॅमेरा माझ्याच हातात होता. तो तिला देण्याआधी माझ्या अंगठ्याने चकती फिरवली. एकच खाच, उजेडाच्या बाजूला. कंपनीत एवढ्या फरकावर मी माल परत पाठवते. टक् आवाज झाला. धाकटीने चकतीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि फोटो काढला.

तो मी पुसलेला नाही. चांगला आलाय, पप्पा.